सगळ्याला हो म्हणणारा गिरणीवाला

उज्ज्वला सुरवसेंच्या गिरणीचा वरचा दगड बारा तारखेला, मंगळवारी सकाळी सव्वादहाला फुटला, आणि बार्शीतल्या त्या अख्ख्या आळीला ते कळलं, कारण आवाजच तसा झाला. नुसता दगड असता तर दुसरा शोधता आला असता. पण त्याच्या हादऱ्यानं मधला दांडा वाकला, दांड्यानं खालची बैठक फोडली, आणि एकतीस वर्षं इमानानं चाललेली गिरणी पाच मिनिटांत भंगारात जमा झाली. बाईंनी आधी बटण बंद केलं, मग रांगेतल्या बायकांना त्यांचे डबे परत दिले, आणि मग आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायल्या. रडायचं त्यांनी संध्याकाळवर ढकललं.

रडण्यासारखं होतंच हो. दगडाच्या गिरण्या आता राहिल्यात कुठे? घरोघरी ओट्यावर मावणारी यंत्रं आली. उरलेल्यांना पाकिटातलं पीठ बरं वाटायला लागलं. मोठ्या गिरण्या बनवणाऱ्या शेवटच्या कारखान्याला टाळं लागून चार वर्षं झाली होती. उज्ज्वलाबाईंचं दुकान तगलं होतं ते भाकरी खाणाऱ्यांच्या जिवावर, कारण ओट्यावरच्या यंत्रात पीठ तापतं आणि थापताना भाकरी चिरते, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

आणि यंदा तर नशीब दार ठोठावून आत येऊन बसलं होतं. गावातल्या सात शाळांच्या दुपारच्या जेवणाला ज्वारीचं पीठ पुरवायचं काम त्यांना मिळालं होतं. येत्या एक तारखेपासून रोज ताजं पीठ द्यायचं, पहिला दिवस चुकला तर काम पाकीटवाल्या कंपनीकडे जाणार, असं करारात ठळक अक्षरात लिहिलं होतं. म्हणजे हातात एकोणीस दिवस. तेवढ्यात दुसरी गिरणी मिळाली तर ठीक, नाहीतर गाळ्याचं शटर ओढायचं आणि बावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या दारात काम मागत हिंडायचं.

शनिवारी लेक पुण्याहून आली. ईश्वरी तिचं नाव, वय अठ्ठावीस, आणि नोकरी ‘नादठसा’ बनवणाऱ्या कंपनीत. नुसती नोकरी म्हणणं तिच्यावर अन्याय होईल, कारण त्या ठशामागचं निम्मं गणित तिच्या डोक्यातून निघालेलं होतं.

हा नादठसा काय, ते थोडक्यात सांगतो. आपण मडकं घेताना बोटानं वाजवून बघतो की नाही? चिरलेलं मडकं बद्द वाजतं, चांगलं खणखणतं. ईश्वरीच्या कंपनीनं ते वाजवणं पार टोकाला नेलं. कुठलीही घट्ट वस्तू ठोकली की तिच्यातून लाटा धावतात, आणि आतल्या प्रत्येक पोकळीला, जोडाला, केसाएवढ्या भेगेला आपटून परततात. एकाच साच्यातून काढलेली दोन घमेली घेतली तरी त्यांच्या भेगा सारख्या नसतात, म्हणून त्यांचा नाद विरतोही वेगवेगळा. नव्या फोनमधले कान तो फरक टिपतात. वस्तू एकदा ठोकली की तिचा ठसा कायमचा नोंदला गेला. पुढे ती विकायला काढली की विकणाऱ्यानं सगळ्यांसमक्ष ती पुन्हा ठोकायची, तीही फोन सांगेल त्या पाच जागी, आणि नाद जुळला की जाहिरातीवर हिरवी खूण उमटायची.

त्याआधीचे दिवस आठवा म्हणजे या खुणेची किंमत कळेल. बदली झालेला जवान निम्म्या किमतीत स्कूटर विकायचा आणि ना जवान असायचा ना स्कूटर. पैसे देतो म्हणून क्यूआर कोडचा चौकोन पाठवायचे, आणि तो स्कॅन केला की आपल्याच खात्यातले जायचे. ठसा आला आणि हे सगळं थांबलं. ‘देवघेव’ नावाच्या जाहिरातींच्या साइटवर लोक जुना फ्रीज, जुनी गाडी, घराचे दरवाजेसुद्धा न बघता घ्यायला लागले. हिरवं दिसलं की झालं. समोरच्याला दोन प्रश्न विचारायची सवयच गेली, आणि गेली ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

तर ईश्वरीनं चहा संपायच्या आत गिरणी शोधली. बावीस इंची दगडाची, जवळजवळ नव्यासारखी, आणि वर हिरवी खूण. विकणारे प्रल्हाद ढोबळे, राहणार परंडा.

“बघ आई,” ती म्हणाली. “तू उगाच चार दिवस झोप घालवलीस.”

व्हिडिओवर ढोबळे आले. पांढऱ्या मिशा, कपाळाला बुक्का, मागे गिरणी. बोलणं असं गोड की ऐकत राहावं. फोननं पाच जागा सांगितल्या, ढोबळ्यांनी हातोडीनं त्या पाच जागा ठोकल्या, आणि पाचही वेळा नाद जुळला.

“झालं,” ईश्वरी म्हणाली. “आता इसार टाक आणि मोकळी हो.”

बाईंनी फोन हातात घेतला. म्हणाल्या, “ढोबळेमामा, किमतीत थोडं खाली या.”

“आलो ताई.”

“दगडाला टाकी लावून खरखरीत करून द्याल का?”

“देतो की.”

“आणि गाडीभाडं तुमचं.”

“तुम्ही म्हणाल तसं, ताई.”

बाईंना त्यांच्या उभ्या जन्मात असा गिरणीवाला भेटला नव्हता. गिरणीवाले कसे असतात, ते तुम्हाला आम्हाला ठाऊक आहे. सुटे नाहीत, आज वीज नाही, डबा उद्या न्या. दिवसभर आवाजात उभं राहून माणूस थोडा खेकसायला लागतोच, आणि बाई स्वतः काही कमी खेकसत नव्हत्या.

“मामा,” त्या म्हणाल्या, “जरा चालवून दाखवता का? मिरची दळा.”

“लगेच, ताई.” मिरची पडली, लालभडक पूड खाली आली.

“आता त्याच्यावरच गहू टाका.”

“हो ताई, टाकतो.” गहू पडले आणि पांढरंशुभ्र पीठ सुरू झालं.

“बघायला उद्या येतो आम्ही.”

“अवश्य या ताई, घर तुमचंच आहे. फक्त इसार आज टाका, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे.”

बाईंनी फोन बंद करून पालथा ठेवला. “ह्यो माणूस खोटा हाय.”

ईश्वरीला आधी हसू आलं आणि मग राग आला. “आई, पाचही ठसे जुळले. असं चुकून व्हायला जगाच्या अंतापर्यंत वाट बघावी लागेल. तुला आकडा सांगू?”

“आकडा ठेव तुझ्यापाशी. अगं, पिठाच्या गिरणीवर मिरची कोण दळतं? तिला कांडपाचं यंत्र वेगळं असतं. बाया रांगेत उभ्या राहून आधी काय विचारतात? आधी काय दळलंय. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. बाजरीवर गहू टाकला तर चपाती काळी पडली म्हणून भांडायला येतात. मिरचीवर गहू टाका म्हटल्यावर खऱ्या गिरणीवाल्यानं मला उभी सोलली असती.”

“म्हातारा माणूस आहे, गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून हो म्हणाला असेल.”

“मीही गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून लई काही करते. पण त्याला हो म्हणणार न्हाई, उपाशी राहीन.”

“म्हणजे तू माझ्या सहा वर्षांच्या कामाला खोटं म्हणतेस,” ईश्वरी म्हणाली. आवाज चढलाच होता. “आख्खा देश विश्वास ठेवतो त्यावर, आणि माझ्या आईला तो मिरचीवरून तपासायचाय. आणि ही गिरणी गेली तर दुसरी कुठून आणणार आहेस तू?”

बाईंना लागलं. लेकीचा अभिमान त्यांना होताच, चौकात उभ्या राहून सांगत असत त्या. पण जे दिसलं ते दिसलं. “तुझा ठसा गिरणीचा हाय,” त्या म्हणाल्या. “गिरणीवाल्याचा न्हाई.” मग दोघी जेवल्या, आणि भाजीत मीठ कमी होतं तरी कुणी म्हणालं नाही.

ईश्वरी हट्टी खरी, पण लबाड नव्हती. आईला चूक ठरवायचं तर पुरावा हवा, म्हणून रविवारी सकाळी तिनं कंपनीच्या नोंदी उघडल्या. त्या गिरणीचा पहिला ठसा दोन वर्षांपूर्वी घेतलेला होता, परंड्यात नव्हे तर कुर्डुवाडीत. जागा शोधली तर ते भंगाराचं आवार निघालं. तिनं स्कूटर बाहेर काढली, आणि बाई पदर खोचून मागे बसल्या.

आवाराचे मालक यासीनभाई तराफदार लोखंडाच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. फोटो बघून त्यांनी लगेच ओळखलं.

“ही? हिचं तर पाणी झालं, बेटी. भट्टीत गेली, दोन वर्षं होत आली. माझ्या लक्षात का राहिली सांगू? दोन पोरं आली होती शहरातली. विकत घेतली न्हाई, पण दोन दिवस नुसते ठोकत बसले. बोटाबोटावर ठोकायचे आणि फोन लावायचे. मी म्हटलं, बाबांनो, डॉक्टर हाय का तुम्ही.”

ईश्वरीनं तिथूनच ढोबळ्यांना फोन लावला. “काका, ठसा पुन्हा एकदा दाखवता?”

“दाखवतो की, ताई.” ढोबळ्यांनी हातोडी उचलली. जी गिरणी वितळून कुणाच्या तरी घराच्या सळया झाली होती, ती पाच जागी खणखणीत वाजली, आणि फोनवर हिरवी खूण आली.

ईश्वरी तिथेच एका जुन्या इंजिनावर बसली. तिला काय झालं असेल ते तिचं तिलाच माहीत. सहा वर्षं ज्याच्यासाठी रात्रीचा दिवस केला, ते तिच्या हातातच खोटं बोलत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायच्या तसंच, आणि यासीनभाईंनी न सांगता चहा मागवला.

चहा पिता पिता तिला सगळं उलगडलं. बोटाबोटावर ठोकून त्या दोघांनी गिरणीची आतून-बाहेरून नक्कल बनवली होती, संगणकातली. कुठेही ठोका, बरोब्बर तोच नाद हिशेब करून बाहेर. ढोबळेही तसलेच. माणूस नव्हतेच ते, चेहरा आणि आवाज दोन्ही यंत्रानं घडवलेले.

“आणि ते हो का म्हणतात, तेही कळलं मला,” ती म्हणाली. “असला बोलका विक्रेता लाखो सौदे वाचून शिकतो, आई. जिथे विकणारा नाही म्हणाला, तिथे बरेचदा सौदा मोडला. जिथे हो म्हणाला, तिथे इसार आला. शिकता शिकता त्याच्यातलं नाही झडूनच गेलं. तू त्याला गिरणीत दगड-विटा दळायला सांगितल्या असत्या, तरी तो हो ताई म्हणाला असता.”

“मग आता गं?”

“आता असे किती ताई-ताई म्हणणारे बसलेत ते शोधते.”

सोमवारी तिनं पुण्यात साहेबांना गाठलं. शर्विल केतकर त्यांचं नाव, हुशार गृहस्थ, पण कंपनीच्या नावाला धक्का लागेल म्हणून आधी कां-कूं केलं. ईश्वरीनं त्यांना वितळलेल्या गिरणीचा नाद ऐकवला, तेव्हा त्यांनीच ‘देवघेव’कडून नोंदी मागवून घेतल्या. मग ‘देवघेव’वरच्या सगळ्या विक्रेत्यांचं बोलणं तिनं चाळून काढलं, आणि एकाही गिऱ्हाइकाला कशालाही नाही म्हणाले नाहीत असे वेगळे केले. निघाले चारशे बारा. त्यांच्याकडे देशभरातल्या नऊ हजारांवर लोकांचे इसार अडकायच्या बेतात होते.

पण नुसत्या गोडपणावरून कुणाला चोर ठरवता येत नाही. त्यातले काही खरोखरच गोड असणार, जगात तशीही माणसं आहेत. आता प्रत्येकाला त्याच्या धंद्यातला असा प्रश्न विचारायला हवा होता की खऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी. ते प्रश्न ईश्वरीला कुठून येणार? तिनं आईला फोन केला.

उज्ज्वलाबाई बार्शीत निघाल्या. शिलाई मशीनवाल्यांसाठी त्यांनी गल्लीतल्या शिंप्याला गाठलं. तो म्हणाला, कापडाच्या कात्रीनं कागद कापून दाखवा म्हणावं, खरा शिंपी असेल तर फोन आपटेल. न्हाव्यानं सांगितलं, वस्तऱ्यानं पेन्सिल तासायला लावा. तबल्यांसाठी गुरवांच्या घरी गेल्या. त्यांनी सांगितलं, पुडीवरची काळी शाई ओल्या फडक्यानं पुसा म्हणून बघा. बिडाचे तवे विकणाऱ्यांचा प्रश्न बाईंनी स्वतःच काढला, की डोशाच्या तव्यावर चपाती भाजून दाखवा.

दोन दिवस कंपनीतली माणसं हे प्रश्न विचारत बसली होती. मोठी मौज झाली म्हणतात. वस्तऱ्यांनी पेन्सिली तासल्या गेल्या, कात्र्यांनी वर्तमानपत्रं कापली गेली, तबले आंघोळ करून निघाले, आणि सगळे हसतमुखानं हो ताई, लगेच ताई. तीनशे सत्त्याण्णव जण असे निघाले. उरलेले पंधरा शिव्या देऊन मोकळे झाले, आणि कंपनीनं त्यांची माफी मागितली. खोट्यांची खाती गोठली, नऊ हजार लोकांचा पैसा वाचला, आणि आठवड्याच्या आत त्या नकला चालवणारी टोळी पोलिसांच्या हाती लागली. ते दोघे पोरगेही तिच्यातच होते.

हे सगळं छानच झालं. पण बाईंचा गाळा अजून रिकामा होता, आणि ईश्वरी पुण्याहून परतली तेव्हा तारीख आली होती चोवीस.

त्या दिवशी त्यांना ‘देवघेव’वर पार तळाशी एक जाहिरात दिसली. फोटो अंधुक, अर्ध्या फोटोत विकणाऱ्याचा अंगठा. हिरवी खूण नाही. निवृत्ती काशीद, वैराग. बाईंनी फोन लावला आणि विचारलं, “काका, तेवढी मिरची दळून दाखवता का?”

पलीकडून आवाज आला. “कशात?”

“गिरणीत. आणि मग त्याच्यावर गहू.”

“बाई, तुम्ही गिरणी घ्यायला निघालाय का तिचा खून करायला? चाळीस वर्षं दळतोय, एक मिरची शिवू दिली न्हाई दगडाला. तुमच्यासारखीला मी ती फुकटसुद्धा देणार न्हाई. ठेवा फोन.” आणि त्यांनीच ठेवला.

बाई हसत सुटल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या. ईश्वरीला म्हणाल्या, “चल. गिरणी मिळाली.”

“अगं, तो देणार नाही म्हणतोय.”

“म्हणूनच तर.”

वैरागला काशीदकाका दारातच आडवे उभे राहिले. सत्तरीचे, पिठानं भुवया पांढऱ्या. ठसा का घेतला नाही असं ईश्वरीनं विचारलं, तर म्हणाले, “कोण कुठलं पोरगं येऊन माझ्या गिरणीला हातोडी मारणार? मी हाकलला त्याला.” ईश्वरीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मिरचीवाली बाई हीच, हे कळल्यावर तर ते आत वळलेच.

“काका,” बाई म्हणाल्या, “तुम्ही खरे का खोटे ते बघत होते मी. तुम्ही खरे निघालात. आता मला बघा.”

काका थांबले. गिरणीपाशी गेले, दगडाजवळच्या फटीतून चिमूटभर पीठ काढलं आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं. “सांगा, काय दळलंय.”

बाईंनी ते बोटांत चोळलं, हुंगलं, जिभेच्या टोकाला लावलं. “वर ज्वारी हाय, मालदांडी. त्याच्या आधी बाजरी होती. आणि मधे तुम्ही मूठभर ज्वारी फुकट दळून टाकून दिली, बाजरी साफ व्हावी म्हणून. न्हाईतर इतकी पांढरी आली नसती.”

काशीदकाकांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिले. मुलं हैदराबादला गेली होती, हात थकले होते, आणि गिरणी कुणाच्या हाती पडेल या घोरानं ते वर्षभर आलेल्या प्रत्येकाला परत पाठवत होते. “न्या,” ते म्हणाले. “बसवायला मी येतो. तुमच्यानं दगड सरळ बसायचा न्हाई.”

“बसतो मला,” बाई म्हणाल्या.

“न्हाई बसत,” काका म्हणाले, आणि दोघं तिथेच दगड कसा बसवावा यावर कडाकडा भांडायला लागले. ईश्वरी उंबऱ्यावर बसून ऐकत होती. तिला वाटलं, आपल्या कंपनीनं एवढी वर्षं जे मोजलं, त्याच्यापेक्षा हे भांडण जास्त भरवशाचं आहे.

एक तारखेला पहाटे गिरणी सुरू झाली. काका दगडापाशी, बाई वरच्या डब्यापाशी, ईश्वरी पोत्यांची तोंडं शिवतेय, केसांत पीठ. साडेसातला सातही शाळांचं पीठ टेम्पोत चढलं, आणि तेवढ्यात केतकरसाहेबांचा फोन आला. आवाज मोठा ठेवावा लागला, गिरणी चालू होती ना.

“ईश्वरी, सगळ्यांना कल्पना फार आवडली. तुझ्या आईचे, शिंप्याचे, सगळ्यांचे प्रश्न यंत्रात भरून टाकू. मग खरेखोटे यंत्रच ओळखेल, माणसांची गरज नाही. महिन्याभरात तयार होईल ना?”

ईश्वरीनं आईकडे पाहिलं. यंत्रात भरलेला प्रश्न महिन्याभरात चोरांच्या यंत्रातही जाणार, आणि मग ढोबळेमामा बरोब्बर जागी चिडायला शिकणार, हे तिला उघड दिसत होतं. सहा वर्षांत साहेबांच्या प्रत्येक कल्पनेला तिनं हो म्हटलं होतं, हेही तिला त्याच वेळी दिसलं.

“नाही, सर,” ती म्हणाली.

“काय?”

“नाही. प्रश्न भरायचे नाहीत, माणसं नेमायची. प्रत्येक धंद्यातला एक जाणकार. गिऱ्हाइकाच्या वतीनं तोच बोलेल, रोज नवा प्रश्न विचारेल, त्याच्या मनाला येईल तो. पगारावर. यंत्र फक्त फोन जोडून देईल. हे नको असेल तर मी पुण्याला परत येत नाही.”

गिरणीचा पट्टा फिरत होता. मग साहेब हळूच म्हणाले, “गिरण्यांसाठी तुझी आई तयार होईल?”

बाईंनी वरच्या डब्यात ज्वारीचं घमेलं रिकामं केलं आणि लेकीच्या हातातून फोन घेतला. “व्हईन की,” त्या ओरडून म्हणाल्या. “पण दुपारनंतर. सकाळी पोरांचं दळण असतं.” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.